एका शिल्पकाराचं शवविच्छेदन: धमनीकाठिण्यात मेलेल्या पेशी काय करतात

24 मार्च 1844 ची संध्याकाळ. कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये पडदा वर जायच्या आधीच प्रेक्षकांत बसलेले एक वृद्ध गृहस्थ खुर्चीतच कोसळले आणि काही क्षणांत गेले. बेर्टेल थोरवाल्डसेन, वय 73, त्या काळच्या युरोपातले अग्रगण्य शिल्पकार. लुसर्नचा मरणोन्मुख सिंह त्यांच्याच आराखड्यावरून खडकात कोरला गेला आहे, वॉर्सामधला कोपर्निकसचा पुतळाही त्यांचाच. रोममध्ये सुमारे चाळीस वर्षं काढून 1838 मध्ये ते मायदेशी परतले होते. मृत्यूच्या दिवशीही हातात काम होतं, मार्टिन ल्यूथरचा अर्धपुतळा. त्या दिवशीच्या जेवणाला हान्स ख्रिश्चन अँडरसन सोबत होते, आणि येत्या उन्हाळ्यात इटलीला जायच्या गप्पा चालल्या होत्या.

शवविच्छेदन झालं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीत अनेक ठिकाणी मेदाळ गाठी आढळल्या. त्यातली एक स्पष्टपणे फुटलेली होती आणि आतला मऊ लगदा धमनीच्या पोकळीत ओतला गेला होता. ज्याला आपण आज ‘प्लाक फुटणं’ म्हणतो (प्लाक म्हणजे धमनीकाठिण्य या रोगातली अशी मेदाळ गाठ), त्याची ही सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. हृदयरोगाचे अभ्यासक आजही तिचा दाखला देतात.

या नोंदीचं मोल कळायला काळाचं भान हवं. 1844 मध्ये ईसीजी नव्हता, अँजिओग्राफी नव्हती. कोलेस्टेरॉल चारलेल्या सशांच्या धमन्यांत असेच थर तयार होतात हे रशियातल्या निकोलाय अनिचकोव्ह यांनी 1913 मध्ये दाखवलं, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षांनी. हृदयाच्या धमनीत गुठळी अडकूनही माणूस काही काळ जगू शकतो आणि त्या अवस्थेत त्याचं निदान करता येतं, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1912 मध्ये मांडलं. प्राण्यांचं शरीर पेशींचं बनलेलं असतं हा सिद्धांतच 1839 चा, म्हणजे या शवविच्छेदनाच्या वेळी जेमतेम पाच वर्षांचा. त्या टेबलाभोवती उभ्या असलेल्या डॉक्टरांनी जे डोळ्यांनी दिसलं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. तो लगदा कशाचा होता, हे सांगायची साधनं त्यांच्याकडे नव्हती.

ती आज आहेत. म्हणून हे प्रकरण पुन्हा उघडून तीन प्रश्न विचारण्यासारखे आहेत. तो लगदा कुठून आला? त्याच्यावरचं आवरण का फाटलं? आणि फाटल्यावर माणूस इतक्या झटकन का गेला? तिन्ही उत्तरं एकाच ठिकाणी जाऊन मिळतात: धमनीच्या भिंतीत पेशी मरत होत्या आणि त्यांना उचलणारं कोणी उरलं नव्हतं.

लगदा कशाचा?

म्हाताऱ्या माणसाची धमनी शवविच्छेदनात कात्रीने उभी उघडली की हाताला आधी करकर जाणवते, कारण भिंतीत चुना (कॅल्शियम) साचलेला असतो. मग आतल्या बाजूला फिकट पिवळे उंचवटे दिसतात. त्यातला एखादा दाबला तर वरचा पांढरट पापुद्रा सरकतो आणि खालून पातळ पिठल्यासारखा पिवळा, तेलकट पदार्थ बाहेर येतो. त्याचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की सुईच्या आकाराच्या रिकाम्या फटी दिसतात. तिथे कोलेस्टेरॉलचे स्फटिक होते, काप तयार करताना वापरलेल्या रसायनांत ते विरघळून गेले. फटींच्या आजूबाजूला पेशींचे तुकडे, केंद्रकांचा भुगा, चुन्याचे कण. अखंड पेशी मात्र जवळजवळ नाहीच. या भागाला मृत गाभा म्हणतात.

बऱ्याच जणांची समजूत अशी असते की नळात गाळ बसावा तसं रक्तातलं कोलेस्टेरॉल धमनीत येऊन बसतं. ही समजूत अर्धीच खरी. एलडीएलचे, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण रक्तातून भिंतीच्या आतल्या थरात शिरतात आणि तिथे अडकतात हे बरोबर. पण पुढचं सगळं पेशींच्या हातून घडतं. अडकलेल्या कणांत रासायनिक बदल होतात, ते पाहून रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी भिंतीत उतरतात, मॅक्रोफेज बनतात आणि ते कण गिळू लागतात. मॅक्रोफेज म्हणजे शरीरातल्या खादाड सफाई कामगार पेशी. एलडीएल गिळून गिळून त्या फुगतात, आतून फेसाळ दिसू लागतात, म्हणून त्यांना फोम सेल म्हणतात. एका मर्यादेपर्यंत त्या कोलेस्टेरॉल निरुपद्रवी रूपात साठवतात किंवा बाहेर काढून देतात. मर्यादा ओलांडली की मोकळं कोलेस्टेरॉल पेशीच्या आतल्या पटलांत घुसतं, प्रथिनं बनवणारी यंत्रणा कोलमडते आणि पेशी मरते. तिने गिळलेलं सगळं तिथेच राहतं. थोरवाल्डसेन यांच्या धमनीतून बाहेर आलेला लगदा असा वर्षानुवर्षांच्या मेलेल्या फोम सेलांचा होता.

पेशी मरण्यात वावगं काय?

वावगं काहीच नाही. माझ्या मते या विषयात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

निरोगी शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. जॉन केर, अँड्रयू वायली आणि ॲलिस्टर करी या तिघांनी 1972 मध्ये अशा शिस्तबद्ध मरणाला ॲपॉप्टोसिस हे नाव दिलं. यात पेशी आक्रसते, तिचं केंद्रक तुकड्यांत मोडतं, पण बाहेरचं पटल शाबूत राहतं. पटलाच्या आतल्या बाजूला असणारा फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेदरेणू बाहेरच्या बाजूला येतो. शेजारच्या मॅक्रोफेजसाठी ती खूण असते: ही पेशी संपली, उचला. मॅक्रोफेज तिला अख्खी गिळतो आणि वर दाह (इन्फ्लमेशन) शमवणारे संदेश सोडतो. आतलं काहीही बाहेर सांडत नाही.

सांडतं तेव्हा, जेव्हा कोणी उचलायला येत नाही. मग ती पेशी थोड्या वेळाने आपोआप फुटते. आतली पाचक विकरं (एन्झाइम), मेद, दाह भडकवणारे रेणू सगळे बाहेर येतात. शिस्तीत सुरू झालेलं मरण नेक्रोसिसमध्ये, म्हणजे बेशिस्त मरणात, संपतं. त्या दाहामुळे आणखी मोनोसाइट भिंतीत उतरतात, त्याही एलडीएल खातात आणि त्याच वाटेने जातात.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या आयरा टाबास यांनी 2005 च्या सुमारास हा मुद्दा नेमका मांडला. रोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यात मॅक्रोफेजचं मरण फायद्याचंच ठरतं, कारण मेलेली पेशी लगेच उचलली जाते आणि भिंतीतली गर्दी कमी होते. उंदरांमध्ये मॅक्रोफेज मरण्यात अडथळा आणला तर सुरुवातीचे प्लाक उलट मोठे होतात. पुढच्या टप्प्यात तेच मरण घातक ठरतं, कारण उचलण्याचं काम बंद पडलेलं असतं. त्याच वर्षी बेल्जियममधल्या अँटवर्पच्या संशोधकांनी माणसांच्या धमन्यांतले प्लाक आणि माणसांचेच टॉन्सिल शेजारी ठेवून मोजणी केली. टॉन्सिलमध्येही पेशी सतत मरत असतात, पण मॅक्रोफेज त्या पटापट उचलतात. न उचललेल्या आणि उचललेल्या पेशींचं गुणोत्तर प्लाकमध्ये टॉन्सिलच्या 19 पट निघालं. या विषयातला एकच आकडा लक्षात ठेवायचा तर मी हा ठेवेन.

हे काम बंद का पडतं, याची काही कारणं आता पक्की कळली आहेत. मेलेली पेशी ओळखून पकडण्यासाठी मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावर मर-टीके नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो. दाह वाढला की एक विकर त्याला कापून टाकतं आणि मॅक्रोफेजचा हातच तुटतो. हा ग्राहक निकामी केलेल्या उंदरांच्या प्लाकमध्ये मृत गाभा मोठा झालेला आढळला. बदललेलं एलडीएलही मध्ये येतं. त्याच्यावर मेलेल्या पेशीसारख्याच खुणा असतात, त्यामुळे मॅक्रोफेज त्यातच गुंतून पडतो. आणि तिसरं कारण सीडी47. ते उपचारांच्या भागात येईलच.

पेशी मरण्याचे आणखीही प्रकार प्लाकमध्ये सापडतात. कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांमुळे मॅक्रोफेजमध्ये इन्फ्लमासोम नावाची यंत्रणा चालू होते, त्यातून इंटरल्युकिन-1 बीटा हे दाह भडकवणारं प्रथिन बाहेर पडतं आणि पेशी स्फोट झाल्यासारखी फुटते. त्याला पायरोप्टोसिस म्हणतात. नेक्रोप्टोसिस आणि लोहामुळे होणारा फेरोप्टोसिस यांचाही अभ्यास चालू आहे. थोरवाल्डसेन यांचं प्रकरण समजून घ्यायला त्यांच्या तपशिलात शिरायची गरज नाही.

आवरण का फाटलं?

मृत गाभा एकटा असता तर तो भिंतीत पडून राहिला असता. त्याच्यावर रक्ताच्या बाजूने तंतुमय आवरण असतं. कोलॅजनचं हे आवरण विणतात आणि दुरुस्त करतात त्या धमनीतल्या गुळगुळीत स्नायुपेशी. आवरण जाड आहे तोवर गाभा आणि रक्त यांची गाठ पडत नाही.

भारतीय वंशाच्या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ रेणू विरमाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अचानक हृदयमृत्यू झालेल्यांच्या धमन्यांचा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध केला. फुटलेल्या आवरणाची सरासरी जाडी त्यांना 23 मायक्रॉन मिळाली. मोजलेल्यांपैकी 95 टक्के आवरणं जेमतेम 65 मायक्रॉनच्या आत होती. त्यावरून 65 मायक्रॉन ही धोक्याची रेषा ठरली. मिलिमीटरचे पंधरा भाग केले तर त्यातला एक साधारण तेवढा. माणूस आणि मृत्यू यांच्यामध्ये कधीकधी एवढंच अंतर असतं.

आवरण इतकं विरळ होण्याची कारणं दोन. मॅक्रोफेज कोलॅजन पचवणारी विकरं सोडतात, हे एक. दुसरं, कोलॅजन विणणाऱ्या स्नायुपेशीही मरतात. यातला दुसरा भाग केंब्रिजच्या मार्टिन बेनेट यांच्या गटाने 2006 मध्ये फार देखण्या प्रयोगाने सिद्ध केला. त्यांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्या फक्त स्नायुपेशी एक विशिष्ट विष टोचल्यावर मरतील. निरोगी धमनीत मोठ्या प्रमाणावर स्नायुपेशी मेल्या, तरी दाह झाला नाही, धमनी फुगली नाही, गुठळीही झाली नाही. प्लाक असलेल्या उंदरांत तोच प्रयोग केला तेव्हा आवरण विरळ झालं, कोलॅजन घटलं, मृत गाभा वाढला आणि दाह भडकला. मरण दोन्हीकडे तेच होतं. फरक पडला तो आजूबाजूच्या परिस्थितीने.

धमनी ‘कठीण’ कशी होते?

धमनीकाठिण्य या नावातलं काठिण्य येतं मुख्यतः चुन्यामुळे, आणि तिथेही पेशीमृत्यूच आहे. केंब्रिजमध्येच 2000 साली माणसांच्या धमन्यांतल्या स्नायुपेशी प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्या. त्या गाठी करून राहतात आणि त्या गाठींत चुना साचतो. आधी पेशी मरताना दिसल्या, चुना नंतर आला. मरण रोखणारं रसायन घातल्यावर चुना सुमारे 40 टक्के कमी साचला. मेलेल्या पेशीतून सुटलेल्या सूक्ष्म पिशव्यांभोवती कॅल्शियमचे स्फटिक धरतात, हाड तयार होताना जसं होतं तसंच.

मात्र सगळा चुना सारखा नाही. सलग, दाट चुन्याचा प्लाक बहुधा शांत असतो. बारीक, विखुरलेले कण असलेला जास्त त्रास देतो. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घेणाऱ्यांचा कॅल्शियम स्कोअर, म्हणजे स्कॅनवर मोजलेला धमन्यांतला चुना, कधीकधी वाढतो आणि लोक घाबरतात. तो वाढलेला आकडा पुष्कळदा प्लाक घट्ट झाल्याची खूण असतो.

इतक्या झटकन का?

फोम सेल मरताना पटलाचे बारीक तुकडे सोडतात आणि त्या तुकड्यांवर टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन असतं. रक्त गोठवायला याच्याइतकं जोरकस दुसरं काही शरीरात क्वचितच असेल. मृत गाभा त्याने भरलेला असतो. आवरण फाटून रक्त गाभ्याला लागलं की काही मिनिटांत गुठळी होऊ शकते. धमनी बंद पडली की हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा थांबतो, ठोक्यांची लय बिघडते आणि माणूस बसल्या जागी जातो.

इथे आपल्याकडच्या एका सवयीबद्दल बोलायलाच हवं. अँजिओग्राफी झाली की घरात पहिला प्रश्न येतो, “ब्लॉकेज किती टक्के?” 70 म्हटलं की काळजी, 40 म्हटलं की सुटकेचा निःश्वास. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे 29 रुग्ण होते ज्यांची अँजिओग्राफी आधी झालेली होती आणि नंतर हृदयविकाराच्या झटक्यात ज्यांची एक धमनी नव्याने पूर्ण बंद पडली. नंतर बंद पडलेली धमनी आधीच्या चित्रात 19 जणांमध्ये 50 टक्क्यांपेक्षा कमी अरुंद होती. अँजिओग्राफी पोकळी दाखवते. भिंतीच्या आत मृत गाभा किती मोठा आहे आणि त्याच्यावरचं आवरण किती विरळ आहे, हे ती दाखवत नाही. मोठा अडथळा निरुपद्रवी असतो असा याचा अर्थ मुळीच नाही. चालताना छातीत दुखणं बहुतेक वेळा त्याच्यामुळेच असतं, आणि मोठ्या प्लाकमध्ये फुटण्याजोगे भागही असतात. पण 40 टक्क्यांचा निःश्वास घाईचा ठरू शकतो. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी येतो हे जगभरच्या तुलनेत दिसलं आहे, म्हणून आपण तर या प्रश्नापाशी थांबूच नये.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक विरळ आवरण फुटतंच असं नाही. 2011 च्या प्रॉस्पेक्ट अभ्यासात धमनीच्या आतून अल्ट्रासाउंड करून असे सुमारे 600 प्लाक शोधले आणि तीनेक वर्षं पाहिलं. त्यातल्या फक्त 26 प्लाकनी पुढे त्रास दिला. कितीतरी फुटतात आणि माणसाला न कळता भरून येतात. प्रत्येक झटका आवरण फाटूनच येतो असंही नाही. काहींमध्ये आवरण शाबूत असतं, फक्त वरचं अस्तर खरवडलं जातं आणि तिथे गुठळी होते. तिथेही अस्तराच्या पेशींचं मरण असतंच, पण मृत गाभा दोषी नसतो.

उपचारांच्या दृष्टीने

मेलेल्या पेशी न उचलणं हा रोगाचा गाभा असेल तर उचलण्याचं काम पुन्हा चालू करणारं औषध शोधायला हवं. स्टॅनफर्डमधल्या निकोलस लीपर यांच्या गटाने तेच केलं. आपल्या जिवंत पेशींवर सीडी47 नावाचं प्रथिन असतं. ते मॅक्रोफेजला सांगतं, मला खाऊ नको. मरताना पेशीने ही खूण उतरवायची असते. प्लाकमधल्या दाहामुळे ती उतरतच नाही, उलट वाढते, आणि मेलेली पेशी उचलण्याजोगी असूनही तशीच पडून राहते. 2016 मध्ये या गटाने सीडी47 झाकणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी) उंदरांना दिलं. मॅक्रोफेज पुन्हा कामाला लागले आणि प्लाक कमी झाले.

माणसांतला पहिला इशारा अनपेक्षित ठिकाणाहून आला. याच जातीचं मॅग्रोलिमॅब नावाचं औषध लिम्फोमा या कर्करोगाच्या रुग्णांवर तपासलं जात होतं. त्यांचे पेट स्कॅन (कर्करोगासोबत दाह असलेल्या जागाही यात उजळतात) आधीच झालेले होते. 2021 मध्ये लीपर यांच्या गटाने अशा मोजक्या रुग्णांच्या स्कॅनमध्ये मानेतल्या धमन्या पाहिल्या, तर तिथला दाह कमी झालेला दिसला.

अडचण लगेच समोर आली. म्हाताऱ्या लाल पेशीही सीडी47 च्या जोरावरच तग धरून असतात. औषधाने त्याही खाल्ल्या जातात आणि रक्तक्षय होतो. पुढे रक्ताच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचण्यांत मॅग्रोलिमॅबचा फायदा दिसेना, एका चाचणीत मृत्यू वाढलेले आढळले, आणि 2024 च्या सुरुवातीला ते काम थांबवलं गेलं. हृदयरोगासाठी तर सुरक्षिततेची अपेक्षा कितीतरी कडक, कारण औषध वर्षानुवर्षं घ्यायचं असतं. म्हणून आता फक्त मॅक्रोफेजमध्येच औषध पोचवणारे सूक्ष्म कण करून पाहिले जात आहेत. 2020 मध्ये कार्बनच्या नॅनोनळ्यांनी उंदरांमध्ये हे साधलं आणि रक्तक्षय झाला नाही.

दाहाच्या बाजूने गेलेले उपचार जास्त पुढे आहेत. 2017 च्या कँटोस चाचणीत दहा हजारांवर रुग्णांमध्ये इंटरल्युकिन-1 बीटा रोखल्यावर झटके आणि तत्सम घटना सुमारे 15 टक्के घटल्या, पण जीवघेणे संसर्ग वाढले. गाउटवरचं जुनं, स्वस्त कोल्चिसिन कमी मात्रेत 2023 पासून अमेरिकेत याच कामासाठी मान्य आहे.

आणि एलडीएल उतरवणारी औषधं. गाभ्याला कच्चा माल मिळणं बंद झालं की आवरण पुन्हा विणलं जातं, हे आता धमनीच्या आतून मोजलेलं आहे. 2021 च्या ह्युगेन्स चाचणीत नुकताच झटका येऊन गेलेल्या रुग्णांना स्टॅटिनसोबत एव्होलोक्युमॅब हे एलडीएल उतरवणारं इंजेक्शन दिलं. वर्षभरात सर्वांत विरळ जागी आवरण सरासरी 42.7 मायक्रॉनने जाड झालं. नुसतं स्टॅटिन घेणाऱ्यांमध्येही ते 21.5 मायक्रॉनने जाड झालं. 65 च्या रेषेशेजारी हे आकडे ठेवून पाहिले की त्यांचं वजन कळतं. स्टॅनफर्डच्या गटाने 2022 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: स्टॅटिनमुळे सीडी47 ही कमी होतं, म्हणजे मेलेल्या पेशी उचलायला त्याची आधीपासूनच थोडी मदत होत असावी.

“रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद करू का?” हे विचारणाऱ्या रुग्णाला उत्तर देताना डॉक्टरांनी हा भाग समजावून सांगायला हवा. रक्तातला आकडा काही आठवड्यांत उतरतो. भिंतीतला गाभा जमायला दशकं गेलेली असतात आणि आवरण जाड व्हायला वर्ष लागतं. गोळी थांबवली की आकडा पुन्हा चढतो आणि नव्या मोनोसाइट पुन्हा भिंतीत उतरू लागतात.